दुसऱ्याचा धूर
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

विडी आणि सिगारेट यांपासून ओढणाराच्या देहाला कोणते अपाय होतात, हें आतां कोणास नव्यानें सांगावयास नको. पाकिटांवरचीं भयानक चित्रें तें काम रोज करीत आहेत. आज मला एका निराळ्याच माणसाविषयीं बोलावयाचें आहे. हा माणूस विडी ओढीत नाहीं, सिगारेटला शिवत नाहीं. तरी धूर त्याच्या छातींत जातो. कारण तो ज्या खोलींत उभा आहे, त्या खोलींत दुसरे कोणी ओढीत आहेत, आणि खोली सोडून जाण्याची त्याला मुभा नाहीं. या माणसाची व माझी ओळख प्रथम चंद्रपुरास झाली; म्हणून आरंभ तेथूनच करतों.

१९८५ च्या सुमारास मी नोकरीनिमित्त चंद्रपुरास होतों. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झाला होता, आणि एका जिल्ह्याचे दोन झाल्याच्या गोष्टी अजून सर्वांच्या तोंडीं होत्या. संध्याकाळीं आम्ही कांहीं वकील, अधिकारी आणि जंगलाचे ठेकेदार एका क्लबांत जमत असूं. पत्त्यांचा डाव पडे. पैसेही लावले जात. फार नव्हे, पण हरणाराला घरीं सांगावयाची लाज वाटावी इतके. खोली लहान होती. उन्हाळ्यांत झळा येऊं नयेत म्हणून, आणि हिवाळ्यांत थंडी लागूं नये म्हणून, खिडक्या लावलेल्या असत. चार टेबलें, सोळा खेळाडू, आणि त्यांपैकीं दहाबारा जण तरी सिगारेट ओढणारे. मीही त्यांतलाच एक होतों. रात्रीं नऊच्या सुमारास दिव्याभोंवतीं निळसर धुराचा थर स्पष्ट दिसूं लागे, आणि तें आम्हांला रंगलेल्या मैफलीचें लक्षण वाटे.

त्या खोलींत आणखी एक जण असे. सिंदेवाहीकडच्या एका खेड्यांतून आलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा चहापाणी देई आणि भरलेलीं रक्षापात्रें रिकामीं करी. तो हळूहळू सरकत दाराच्या चौकटींत जाऊन उभा राही. एके दिवशीं त्यानें भीत भीत विचारलें, "साहेब, भाईर उभा राहू का जी? डोरे चुरचुरते." त्याला उत्तर देणारा मीच होतों. मीं म्हटलें, "बाहेर राहिलास तर हांक कशी ऐकूं येणार? आंतच थांब." तो आंत आला. डाव पुढें चालू झाला.

आमच्यांत एक डॉक्टर होते. पुढें सभासदांच्या सभेंत त्यांनीं सूचना मांडली कीं, ज्यांना ओढावयाचें असेल त्यांनीं व्हरांड्यांत जावें, पत्त्यांच्या खोलींत ओढूं नये. तिच्यावर बरीच चर्चा झाली. विरुद्ध बाजूचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: क्लब ही खाजगी जागा आहे, येथें येणारा प्रत्येक जण आपखुषीनें येतो, ज्याला धूर सोसत नसेल त्यानें येऊं नये. मतें घेतलीं. डॉक्टरांच्या बाजूनें तीन हात वर झाले. माझा हात विरुद्ध बाजूस वर झाला. तो मुलगा त्या वेळीं खोलींतच पाण्याचे पेले मांडीत होता. त्याचें मत कोणीं विचारलें नाहीं; तो सभासद नव्हता. चार महिन्यांनीं खोकला बळावला म्हणून तो गांवीं गेला, तो परत आला नाहीं.

तो खोकला आमच्याच धुरानें आला, असा आरोप मी आज शपथेवर करूं शकणार नाहीं. खेड्यांतल्या मुलाला खोकला होण्याचीं कारणें अनेक असतात. परंतु "येथें येणारा प्रत्येक जण आपखुषीनें येतो" हें आमचें वाक्य त्या खोलींतील एका माणसापुरतें तरी खोटें होतें, आणि तें खोटें असल्याचें आम्हां सोळा शिकलेल्या माणसांच्या ध्यानांत आलें नाहीं. आजचें माझें सगळें बोलणें त्या एका वाक्याविषयीं आहे.

प्रथम धुराची गोष्ट पाहूं. पेटलेल्या सिगारेटचा धूर दोन वाटांनीं हवेंत येतो. एक, ओढणारा आंत घेऊन पुन्हां बाहेर सोडतो तो. दुसरा, दोन झुरक्यांच्या मधल्या वेळांत जळत्या टोंकापासून सरळ हवेंत जातो तो. खोलींत सांचणाऱ्या धुराचा मोठा वांटा या दुसऱ्या प्रकारचाच असतो. झुरका घेतांना टोंक प्रखर पेटतें. मधल्या वेळीं तें नुसतें धुमसतें, आणि तंबाखू अर्धवट जळते. म्हणून या धुमसणाऱ्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि कित्येक विषारी द्रव्यें, तेवढ्याच तंबाखूच्या मानानें, ओढलेल्या धुराहून अधिक असतात. आपली विडी न ओढल्यास लवकर विझते, कारण टेंभुर्णीच्या पानांतून हवा सहज आंत शिरत नाहीं. सिगारेट मात्र रक्षापात्राच्या कडेवर नुसती ठेवली तरी शेवटपर्यंत जळत राहते. मालक पत्ते लावण्यांत गुंग असतो, आणि ती शेजाऱ्यासाठीं धूर करीत असते.

या धुरांत सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्यें आढळलीं आहेत, आणि त्यांपैकीं सुमारें ७० कर्करोग उत्पन्न करणारीं आहेत. परंतु शेजाऱ्यालाही त्यापासून रोग होतो, हें ठरावयास वेळ लागला. जपानचे डॉक्टर ताकेशी हिरायामा यांनीं ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षें नोंद ठेवली. या स्त्रिया स्वतः धूम्रपान करीत नव्हत्या. ज्यांचे पति फार सिगारेट ओढीत, त्यांच्यांत फुप्फुसाच्या कर्करोगानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण, न ओढणाऱ्यांच्या पत्नींच्या मानानें, सुमारें दुप्पट निघालें. हा वृत्तांत १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर पुष्कळ वाद माजला. तंबाखूच्या कंपन्यांनीं तो खोडून काढण्याची खटपट केली. पण देशोदेशींच्या तपासण्यांचा निष्कर्ष त्याच दिशेनें येत गेला. २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें हा दुसऱ्याचा धूर मनुष्याला निश्चितपणें कर्करोगजनक असल्याचें जाहीर केलें. २००६ सालीं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालांत असें नमूद झालें कीं, न ओढणाऱ्याला अशा धुरामुळें हृदयविकाराचा धोका शेंकडा २५ ते ३० आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका शेंकडा २० ते ३० वाढतो, आणि या धुराची निर्धोक अशी कोणतीच मात्रा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें जगांत दर वर्षीं बारा लाखांहून अधिक माणसें स्वतः न ओढतां या धुरानें मरतात.

येथें कोणी म्हणेल कीं, मग खिडक्या उघडा, पंखे लावा, हवा खेळती ठेवा. त्यासाठीं बंदी कशाला? या शंकेचें उत्तर देण्यासाठीं मी आपणांस जरा जंगलांत नेतों.

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या जंगलपट्टींत धानाची कापणी आटोपल्यावर कोठें कोठें कोंबडा बाजार भरतो. कोंबड्यांच्या पायांना धारदार पातें बांधून त्यांची झुंज लावतात, आणि भोंवतीं जमलेले लोक तिच्यावर पैसे लावतात. हा प्रकार क्रूर आहे, बेकायदा आहे, आणि पोलीस त्यावर छापे घालतात. मी त्याची तरफदारी करीत नाहीं. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तेथें जमलेल्यांपैकीं कित्येकांच्या तोंडांत विडी असते, आणि तिचा धूर सागाच्या झाडांवरून मोकळ्या आकाशांत निघून जातो. ज्याला त्रास होईल तो चार पावलें सरकून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूस उभा राहतो. चार भिंती आणि छप्पर उभारलें कीं हें सर्व पालटतें. बंद खोलींत पंखा धूर घालवीत नाहीं. तो या टेबलावरचा धूर त्या टेबलावर नेतो. हवा बाहेर फेंकणारीं यंत्रें वास कमी करतात, आणि वास कमी झाला म्हणजे धोका गेला असें माणसाला वाटतें. पण धुराचे सूक्ष्म कण खोलींत राहतातच. भिंती, पडदे आणि गालिचे तो धूर शोषून घेतात आणि मागाहून पुन्हां हवेंत सोडतात. वरील २००६ च्या अहवालानेंही हेंच सांगितलें आहे कीं, इमारतींत धूम्रपान पूर्णपणें थांबविणें हाच इमारतींतल्या माणसांना वांचविण्याचा एक उपाय आहे.

आपल्या देशांतील कायद्यानेंही हा मार्ग टप्प्याटप्प्यानेंच गांठला. १९९९ सालीं केरळच्या उच्च न्यायालयानें सार्वजनिक जागीं केलेलें धूम्रपान हा सार्वजनिक उपद्रव असून तो संविधानाच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्कावर घाला आहे, असा निर्णय दिला. मुंबईचे मुरली देवरा यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला होता. त्यावर २ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यायालयानें रुग्णालयें, शिक्षणसंस्था, ग्रंथालयें, न्यायालयांच्या इमारती, सार्वजनिक कचेऱ्या, सभागृहें, आणि आगगाडीसह सार्वजनिक वाहनें यांत धूम्रपानास मनाई केली. न ओढणाराला दुसऱ्याच्या कृतीमुळें आजारी कां पाडावें, असा त्या निर्णयाचा मतितार्थ आहे. पुढें २००३ सालीं संसदेनें कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नव्या नियमांची अंमलबजावणी सुरू झाली. या नियमांत उपाहारगृहें, मद्यगृहें, करमणुकीचीं ठिकाणें आणि काम करण्याच्या सर्व जागा येतात. मोडणाराला २०० रुपयांपर्यंत दंड आहे.

या कायद्यांत एक दार मात्र उघडें ठेवलें होतें. ज्या हॉटेलांत ३० किंवा अधिक खोल्या आहेत, ज्या उपाहारगृहांत ३० किंवा अधिक माणसांची बसण्याची सोय आहे, त्यांना आणि विमानतळांना धूम्रपानासाठीं वेगळी खोली ठेवतां येते. तिला चारी बाजूंनीं पूर्ण उंचीच्या भिंती हव्या, आपोआप लागणारें दार हवें, आणि तिची हवा थेट बाहेर जावयास हवी. हें सर्व ग्राहकाच्या दृष्टीनें ठीक झालें. पण त्या खोलींत चहाचा ट्रे घेऊन कोण जाणार? चंद्रपूरच्या क्लबांतील तो मुलगाच नव्हे काय? हा प्रश्न कायद्याला २०१७ सालीं उमगला. त्या वर्षीं नियमांत दुरुस्ती होऊन, धूम्रपानाच्या खोलींत कोणतीही सेवा देऊं नये असें ठरलें. ही दुरुस्ती मुख्यत्वें हुक्क्याच्या अड्ड्यांना आवर घालण्यासाठीं होती; पण तिच्या पोटांत फार मोठें तत्त्व आहे. ज्याला ओढावयाचें आहे त्यानें एकट्यानें जाऊन ओढावें. दुसऱ्याला चाकरीसाठीं त्या धुरांत उभें करूं नये.

हें तत्त्व ज्या जागेनें सर्वांत अधिक काळ मानलें नाहीं, ती जागा म्हणजे कॅसिनो, म्हणजे परवानगी घेऊन चालणारें मोठें द्यूतगृह. आपल्या महाराष्ट्रांत अशीं गृहें नाहींत. १९७६ सालीं कॅसिनोंच्या नियंत्रणाचा आणि कराचा एक कायदा आपल्या विधिमंडळानें केला होता, पण तो कधीं अंमलांतच आला नाहीं, आणि २०२३ सालीं तो रद्द झाला. शेजारच्या गोव्यांत मात्र १९९२ च्या दुरुस्तीनें पंचतारांकित हॉटेलांत खेळयंत्रांना, आणि १९९६ च्या दुरुस्तीनें जहाजांवरच्या जुगाराला वाट मिळाली. पणजीस गेलेल्या पुष्कळ श्रोत्यांनीं मांडवीच्या पात्रांत रात्रीं झगमगणारीं तीं जहाजें पाहिलीं असतील. तेथें आपल्या देशाचा वर सांगितलेला कायदा लागू आहे, आणि गोव्याचा स्वतःचाही धूम्रपान व थुंकण्यास मनाई करणारा १९९७ चा कायदा आहे.

परदेशांत अशा खोल्यांना दीर्घकाळ सवलत मिळाली. अमेरिकेंतील नेवाडा राज्यानें २००६ सालीं बंद जागांतील धूम्रपानावर निर्बंध घातले, पण कॅसिनोंचे खेळण्याचे दालन वगळलें. न्यू जर्सी राज्यानेंही त्याच वर्षीं तसेंच केलें. कारण उघड आहे. अशा दालनांत बहुधा खिडकी नसते आणि घड्याळही नसतें. खेळणारानें जागेवरून उठूं नये, यावरच मालकाचा नफा अवलंबून असतो. सिगारेटसाठीं तो दहा मिनिटें बाहेर गेला, तर वाऱ्यानें डोकें थंड होण्याचा संभव! पाहुण्याला खुर्चींत खिळवून ठेवण्यासाठीं खोलींतली हवा खर्चीं घातली जाते. आणि ती हवा पाहुणा दोन-चार तास घेतो, तर पत्ते वाटणारा नोकर आठ तास, आणि तीही रोज. खेळणाराच्या बाजूला वांकून पत्ते मांडावयाचे, आणि त्याच्या बोटांतली सिगारेट हातभर अंतरावर धुमसत असावयाची, हें त्याचें काम.

लास व्हेगास येथें पत्ते वाटणाऱ्या नोकरांची अमेरिकेच्या सरकारी संस्थेनें तपासणी केली. तिचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला. या नोकरांपैकीं न ओढणाऱ्यांच्या लघवीची पाळीच्या आधीं आणि नंतर परीक्षा झाली. तंबाखूंतील एका कर्करोगजनक द्रव्याचा देहांत उरणारा अंश पाळी संपतांना वाढलेला आढळला. त्यांनीं सिगारेट ओढली नव्हती. त्यांनीं नोकरी केली होती.

दुसरें उदाहरण चीनच्या किनाऱ्यावरील मकावचें. तेथें कॅसिनो हेंच सरकारच्या उत्पन्नाचें मुख्य साधन आहे. २०१३ च्या आरंभीं तेथें खेळण्याच्या जागेचा अर्धा भाग धूम्रपानासाठीं राखून उरलेला अर्धा मोकळा केला. पण धुराला हद्द कशी कळणार? २०१४ च्या ऑक्टोबरांत सामान्य दालनांत ओढणें बंद झालें. आणि २०१९ च्या आरंभापासून, श्रीमंत पाहुण्यांच्या खास दालनांतही बंद खोलीबाहेर ओढतां येईनासें झालें. थोडी थोडी सवलत काढून घेत, शेवटीं त्याच ठिकाणीं यावें लागलें.

परंतु मला सर्वांत विचार करावयास लावणारें उदाहरण नॅव्हाहो लोकांचें वाटतें. अमेरिकेंतील या मूळच्या रहिवाशांचें स्वतःचें शासन आहे, आणि त्यांचे स्वतःचे कॅसिनो आहेत. म्हणजे तेथील तोटा हा कोणा परक्या शेठचा नव्हे, त्यांच्याच लोकांचा. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्यें त्यांनीं कायदा करून सर्व बंद सार्वजनिक जागांत आणि कामाच्या ठिकाणीं, आपल्या कॅसिनोंसुद्धां, बाजारी तंबाखूच्या धुरास मनाई केली. धार्मिक विधींत वापरली जाणारी पारंपरिक तंबाखू त्यांनीं त्यांतून वगळली. त्या कायद्याच्या नांवाचा अर्थच असा आहे कीं, हवा म्हणजे जीवन.

हें वाचलें तेव्हां मला एकदम चंद्रपूर जिल्ह्यांतील पाचगाव आठवलें. पण त्याआधीं टेंभुर्णीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाहीं तर शहरांतील माणूस जंगलांतील माणसाला फुकट उपदेश करतो, असा दोष माझ्यावर येईल, आणि तो योग्यच असेल.

टेंभुर्णीलाच तेंदू म्हणतात. एप्रिल-मेच्या कडक उन्हांत या दोन्ही जिल्ह्यांतील खेडींच्या खेडीं पहांटे जंगलांत जातात, आणि दुपारनंतर घरोघरीं पानें जुळवून त्यांचे पुडके बांधले जातात. सत्तर पानांचा एक पुडका, आणि हजार पुडक्यांची एक गोणी. शेतांत काम नसतांना हातांत रोकड येते ती या पानांची. पावसाळ्याचें बियाणें, मुलांचीं पुस्तकें, लग्नकार्य, सारें तीवर अवलंबून. त्यासाठीं वाघाच्या जंगलांत जावें लागतें, आणि या हंगामांत वाघाच्या हल्ल्यांत माणसें दगावल्याच्या बातम्या आपण वाचतों. म्हणून "विडी बंद करा" असें पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत बसून म्हणणें सोपें आहे. मी तें आज म्हणत नाहीं. खोलींत ओढूं नका, अंगणांत ओढा, इतकेंच मी म्हणतों; आणि त्यानें पानें तोडणाऱ्या बाईच्या रोकडींतला एक पैसाही कमी होत नाहीं. धूर आणि पोट यांचा झगडा आहे असें जे सांगतात, ते या दोन गोष्टी मुद्दाम एक करतात.

असें असूनही पाचगावनें अधिक कांहीं केलें. गोंडपिपरी तालुक्यांतील या लहानशा गांवाला २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २०१२ सालीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल हातीं आल्यावर पहिली रोकड तेंदूच्या पानांची मिळाली असती. ग्रामसभेनें विचार करून ठरविलें कीं, हीं पानें तोडावयाचीं नाहींत. कारणें अशीं: कोंवळीं पानें फुटावीं म्हणून झाडें छाटावीं लागतात आणि जंगलाला आगी लावल्या जातात, आणि ज्या तंबाखूसाठीं हीं पानें जातात ती माणसाला अपायकारक आहे. त्यांनीं बांबूवर आपला संसार उभा केला. तेंदूचीं गोड फळें आतां गांवकऱ्यांना आणि पांखरांना मिळतात. शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीं या गांवाविषयीं कौतुकानें लिहिलें आहे. प्रत्येक गांवाला हें जमेल असें नाहीं, आणि जमलें पाहिजे असा माझा आग्रहही नाहीं. पण पैशाची गरज ज्यांना आपल्याहून कितीतरी अधिक, त्यांनीं दुसऱ्याच्या छातीचा विचार करून उत्पन्न सोडलें. आणि आम्ही क्लबांतले सोळा जण व्हरांड्यापर्यंत उठून जावयास तयार नव्हतों!

गडचिरोलींतही अशीच जागृति चालू आहे. तेथें धुराहून मोठा शत्रू खर्रा हा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचें तें मिश्रण लहान मुलांच्या गालांतही सांपडतें. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यांत २०१६ सालीं डॉक्टर अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागानें 'मुक्तिपथ' हा दारू व तंबाखूविरोधी उपक्रम सुरू झाला, आणि कित्येक गांवांनीं सभा घेऊन आपल्या हद्दींत तंबाखूची विक्री बंद करण्याचे ठराव केले. जे नियम आपण सरकारनें करावे म्हणून वाट पाहतों, ते खेड्यांतील बायाबापड्या स्वतः करीत आहेत.

आतां शेवटचा मुद्दा, आणि तो थेट आपल्या घराचा आहे. कायदा कचेरींत येतो, आगगाडींत येतो, उपाहारगृहांत येतो. आपल्या उंबरठ्याशीं मात्र तो थांबतो. २०१६-१७ सालीं आपल्या देशांत तंबाखूविषयीं मोठी पाहणी झाली. तींत आढळलें कीं, प्रौढ माणसांपैकीं धूम्रपान करणारे शेंकडा १०.७ आहेत, पण घरांत धूर सोसणारे शेंकडा ३८.७ आहेत. म्हणजे दहांत एक ओढतो, आणि दहांतले जवळजवळ चार जण तो धूर घेतात. महाराष्ट्रांत ओढणारे याहून कमी, शेंकडा ३.८ आहेत, हें खरें. पण ज्या घरांत एक जण ओढतो, त्या घरांतील बाळाला या आंकड्यानें कसला दिलासा मिळणार? लहान मुलाचा श्वास मोठ्या माणसाहून जलद चालतो. त्याला दमा बळावतो, कानाचे विकार होतात, आणि तान्ह्या बाळाच्या अचानक मृत्यूचाही धोका वाढतो. तें बाळ खोली सोडून जाऊं शकत नाहीं. स्वयंपाकवाली बाई, मोटारीचा चालक, अंथरुणाला खिळलेली आजी, यांपैकीं कोणीही खोली सोडून जाऊं शकत नाहीं. आपण क्लबांत नाहीं, कॅसिनोंत नाहीं, असें म्हणून सुटका नाहीं. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं किती सुशिक्षित घरांत पत्त्यांचा डाव मांडला जातो! दारें-खिडक्या लावलेल्या, बारा पाहुणे, रक्षापात्रें भरलेलीं, आणि चहाचा ट्रे घेऊन आंत-बाहेर करणारें कोणी तरी एक. त्या रात्रीपुरतें आपलें घर तेंच होतें.

म्हणून, श्रोतेहो, माझी विनंती फार लहान आहे. आपल्या बैठकीच्या खोलींतील रक्षापात्र आज उचला आणि तें अंगणांत, गच्चींत, किंवा मोकळ्या सज्जांत नेऊन ठेवा. पाहुण्याला तेथें मानानें घेऊन जा. त्यानें राग धरला तर त्याला सांगा कीं, घरांत अशीं माणसें आहेत ज्यांना बाहेर जातां येत नाहीं. मोटारींत कोणालाही ओढूं देऊं नका. आपण एखाद्या क्लबाचे, संस्थेचे, जिमखान्याचे सभासद असाल, आणि असा प्रश्न मतास आला, तर हात वर करण्यापूर्वीं मान वळवून पाहा कीं, खोलींत सभासद नसलेला कोण उभा आहे.

मीं सिगारेट सोडून तीस वर्षें होत आलीं. तिचें श्रेय घ्यावें असें मला वाटत नाहीं. डॉक्टरांनीं भीति घातली, म्हणून ती सुटली. मात्र त्या सभेंत वर केलेला हात मला अजून खालीं घेतां आलेला नाहीं. ज्या दाराच्या चौकटींतून मीं त्या मुलाला आंत बोलाविलें, त्याच दारानें मीं बाहेर जावयास हवें होतें. व्हरांडा फार तर वीस पावलांवर होता.